रडू फोटोत कुठं असतं?

एकाच मुलाचे दोन फोटो आहेत. भोपाळ, डिसेंबर १९८४. २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, आणि त्यानंतर रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू हे दोन छायाचित्रकार एकाच दफनापाशी येऊन ठेपले. खड्ड्यात एक लहान मूल. अंगावर माती आणि खडी लोटलेली, चेहरा तेवढा उघडा. डोळेही उघडेच, पण बुबुळं पांढुरकी झालेली. रायांचा फोटो कृष्णधवल आहे, बार्थोलोम्यूंचा रंगीत. रंगीत फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान मिळाला. कृष्णधवल फोटो पुढं मोर्च्यांच्या फलकांवर गेला, पुस्तकांत गेला, प्रदर्शनांतून फिरला. मुलाचं नाव मात्र अजून कुणाला ठाऊक नाही.

हौशी छायाचित्रकारांच्या शिबिरांत मला अधूनमधून बोलायला बोलावतात. तिथं मी हे दोन फोटो शेजारी-शेजारी लावतो आणि विचारतो, यातला चांगला कुठला? एरवी ‘हायलाइट जळलाय’, ‘बॅकग्राउंड डिस्टर्ब करतंय’, ‘डावीकडून थोडं क्रॉप कर’ असं भराभर बोलणारी मंडळी एकदम गप्प होतात. मग कुणीतरी, बहुधा मागच्या रांगेतलं, जरा रागानंच म्हणतं, “सर, मेलेल्या पोराच्या फोटोत चांगलं-वाईट काय बघायचं?”

राग रास्त आहे, आणि तो आला नाही तर मलाच त्या वर्गाची काळजी वाटेल. पण त्या खड्ड्याच्या काठाशी त्या दोघांनी काही ठरवलं होतंच ना? किती वाकायचं, किती जवळ जायचं, काय चौकटीत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं. हात थरथरत असतील, घशाशी आवंढा असेल, तरी बोट दाबायच्या आधी हे सगळं ठरलेलं असतं. कधी विचारानं, कधी नुसत्या सवयीनं. ते आपण बघायचंच नाही म्हटलं तर आपण फोटो पाहिला नाही, बातमी वाचली.

तर बघू या. रंगीत फोटोत माती मातीच्या रंगाची आहे. कातडी कातडीच्या. त्यामुळं डोळ्यांतला तो चुकीचा रंग सगळ्यात आधी दिसतो. माणसाच्या डोळ्यांचा रंग असा नसतो, हे कळायला भोपाळ माहीत असावं लागत नाही. विषानं काय केलं ते तिथं, त्या दोन ठिपक्यांत आहे. फोटो अंगावर येतो आणि आपण मान फिरवतो.

रायांच्या फोटोत मान फिरवली जात नाही, निदान माझी तरी. रंग काढून घेतल्यावर खडी, माती आणि गाल एकाच करड्या पट्टीत येतात. चेहरा जमिनीतून उगवल्यासारखा दिसतो किंवा जमिनीत विरत चालल्यासारखा; दोन्ही एकदम. आणि वरून आलेला एक हात. मोठ्या माणसाचा हात, मुलाच्या कपाळाशी. निजलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात तसा. तो माती लोटतोय की माती बाजूला करतोय, हे फोटो सांगत नाही. माझा डोळा दर वेळी त्या हातावरून चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून खडीवर आणि पुन्हा हातावर असा फिरत राहतो, बाहेर जायला वाट मिळत नाही. दुःख त्या फिरण्यात आहे. हे कंपोझिशनच आहे, दुसरं काही नाही. शब्द कोरडा आहे म्हणून त्यानं केलेलं काम कोरडं ठरत नाही.

एवढं बोलून झालं की वर्गातला राग ओसरतो. मग मी दुसरी बाजू काढतो, जी मला स्वतःला जास्त छळते. या दोन्ही फोटोंत टाकी क्रमांक ६१० नाही. त्या टाकीत मिथाइल आयसोसायनेट होतं, सुमारे ४० टन, आणि तिच्यात पाणी शिरलं. रसायन थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीपासून बंद होती. सुटलेला वायू जाळून टाकायचा मनोरा नळी दुरुस्तीला काढल्यामुळं निकामी होता. पुढं १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. यातलं काहीही फोटोत नाही, आणि असू शकतही नाही. फोटो आपल्याला मूल देतो, हात देतो, माती देतो. बापाचं दुःख देतो. ते देताना हे सगळं जणू नियतीनं केलं असंही तो गुपचूप सुचवतो, कारण खड्ड्यात नियतीखेरीज दुसरं कुणी दिसत नाही. कारखाना चौकटीबाहेर राहिला. हा त्या फोटोंचा दोष म्हणू का? नाही म्हणणार. पण फोटो पाहून रडलो आणि त्यात सगळं आलं, असं ज्याला वाटतं त्याला ही टाकी दाखवावी लागते.

आपल्याकडे फोटोबद्दल बोलण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही मला पुरत नाहीत. एक क्लबातली: थर्ड्स, लीडिंग लाइन्स, टोनल रेंज. फोटो म्हणजे जणू एखादं यंत्र, पुर्जा-पुर्जा तपासून परत द्यायचं. दुसरी सगळ्यांची: ‘काय भाव पकडलाय!’, ‘डोळ्यांत पाणी आलं’. हे म्हटलं की बोलणं संपतं. पाणी आलं हे खरंच असतं, कुणी खोटं बोलत नाही. पण ते नेमकं कुठून आलं हे विचारलं की लोक गोंधळतात, काही जण दुखावतात. मला वाटतं, फोटोची चिकित्सा म्हणजे एवढाच एक शोध आहे: ही जी भावना मला झाली, तिचा पत्ता कुठला? फोटोतल्या एखाद्या कोपऱ्यात ती राहते, की खालच्या ओळीत, की माझ्या घरून मी ती सोबतच आणली होती?

खालच्या ओळीचा एक खेळ मी करतो. कुठल्याही म्हाताऱ्या बाईचा क्लोजअप घ्यायचा, खिडकीपाशी बसलेली, नजर बाहेर. खाली लिहायचं: ‘मुलगा अमेरिकेत’. सभागृह हळहळतं. तोच फोटो दुसऱ्या शिबिरात, खाली ओळ: ‘नातवाची शाळा सुटायची वेळ’. सभागृह हसतं, कुणाला आपली आजी आठवते. बाई तीच, खिडकी तीच, उजेड तोच. मग दोन्ही ओळी काढून विचारायचं, आता काय दिसतंय? बराच वेळ जातो आणि मग एक जण म्हणतो, ‘ऊन डाव्या गालावर आहे.’ हे पहिलं खरं वाक्य. तिथून पुढं बोलणं सुरू होऊ शकतं.

ओळ नसली तरी आपण मनातल्या मनात लिहितोच. नॅशनल जिओग्राफिकच्या जून १९८५च्या मुखपृष्ठावरची ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी आठवा. स्टीव्ह मॅकरीनं पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत १९८४ साली काढलेला फोटो. त्या डोळ्यांत जगानं काय-काय वाचलं! युद्धाचं भय, उद्ध्वस्त देश, हरवलेलं बालपण. २००२ साली तिला शोधून काढलं, शरबत गुला. तोपर्यंत तिनं तो फोटो पाहिलेलाही नव्हता. त्या दिवसाचं तिला आठवत होतं ते म्हणजे आलेला राग. एक परका पुरुष समोर उभा राहून फोटो काढतो, असं आधी कधीच झालं नव्हतं. म्हणजे ज्या नजरेकडे जग सतरा वर्षं युद्धाची नजर म्हणून बघत होतं, ती निदान काही अंशी कॅमेऱ्याकडे बघण्याची नजर होती. तिच्या रागाचा मानकरी कॅमेऱ्यामागं उभा होता. हे कळल्यावर फोटो लहान होतो का? माझ्यासाठी उलट झालं. आधी त्यात मला एक प्रतीक दिसायचं. आता एक वैतागलेली मुलगी दिसते, तिला नाव आहे, आणि तिचा वैताग बरोबर आहे.

फोटोतल्या माणसाला आपण ओळखत असू तर मामला आणखीच अवघड होतो. आमच्या जुन्या घरात दिवाणखान्यात आजीचा हार घातलेला फोटो होता. आजीचा एकटीचा फोटो कधी काढलाच नव्हता. त्या पिढीतल्या कित्येक बायकांचा नसतो. ती गेल्यावर धावपळ झाली, अल्बम काढले, आणि धाकट्या आत्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून आजी तेवढी कापून काढायचं ठरलं. स्टुडिओवाल्यानं काम मन लावून केलं. शेजारच्या माणसांना घालवलं, मागं आकाशी रंग भरला, तो वरून गडद आणि खाली फिका. साडीचा काठ ब्रशनं ‘टच’ करून दिला. एक गोष्ट त्याच्याकडून राहिली. आजीच्या उजव्या खांद्याला चिकटलेला एक जरीचा त्रिकोण, जो तिच्या लुगड्याचा नव्हता. तो शेजारी उभ्या असलेल्या विहीणबाईंच्या शालूचा होता. त्या बाई आकाशात विरून गेल्या, शालूचा कोपरा मागं राहिला.

समाचाराला येणारा प्रत्येक जण त्या फोटोकडे बघून म्हणायचा, “किती शांत चेहरा!” आम्ही मान हलवायचो. खरी गोष्ट अशी की आजी त्या फोटोत शांत नव्हती. ती कॅमेऱ्याकडेही बघत नाहीये, तिची नजर जरा डावीकडे आहे, पंगत बसायची होती त्या बाजूला. श्रीखंड पुरतं की नाही या घोरात ती होती, आणि फोटोवाल्यानं तिला ओढून आणून उभं केलं होतं. हे आईनं मला सांगितलं नसतं तर मलाही ती नजर दूर क्षितिजाकडे लागल्यासारखीच वाटली असती. आकाशी रंगाचा तेवढा गुण असतोच.

रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकानं १९८० साली छायाचित्रणावर एक पुस्तक लिहिलं. आई गेल्यावर तिचे फोटो चाळताना त्याला ती एकाही फोटोत पुरती सापडेना; मग सापडली ती पाच वर्षांची असतानाच्या एका फोटोत, एका काचघरात उभी. अख्खं पुस्तक त्या फोटोभोवती फिरतं. आणि पुस्तकात बाकीचे पुष्कळ फोटो आहेत, तो नाही. तुम्हाला तो दाखवून काय होणार, असं त्याचं म्हणणं. तुमच्यासाठी तो जुना, सर्वसाधारण फोटो. मला हा त्या पुस्तकातला सगळ्यात सचोटीचा निर्णय वाटतो. आपली भावना फोटोच्या बाहेर आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि ती छापता येणार नाही हेही. आमच्या आजीचा फोटो मी कुठल्याही शिबिरात लावणार नाही. लावला तर पहिला मुलगा म्हणेल, ‘सर, खांद्यावर ते काय आलंय, क्लोन करून काढता येईल.’ आणि त्याचं बरोबर असेल.

तशा खुडबुडीत मोठमोठे सापडले आहेत. डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’ हा १९३६चा फोटो, कॅलिफोर्नियातल्या मटार वेचणाऱ्यांच्या तळावरचा, जगात सर्वांत जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी. त्यात खाली उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर कुणाचा तरी अंगठा आला होता. लँगला तो खुपत राहिला आणि तिनं तो निगेटिव्हवरच पुसून घेतला. स्वतःच्या फोटोवरची तिची ही टीका. आता आम्ही लोक भिंग घेऊन तो पुसट अंगठा शोधत बसतो, कारण त्या चौकटीत ठरवून न आलेली तेवढीच एक गोष्ट आहे.

आषाढ जवळ आला की माझ्याकडे दुसरं काम येतं, वारीच्या फोटोंच्या स्पर्धांचं परीक्षण. दर वर्षी दिवेघाट तोच आणि फोटोही बहुतेक तेच. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली म्हातारी. सुरकुत्यांवर पावसाचे थेंब. फोटो कृष्णधवल करून फक्त कपाळावरचं गंध रंगीत ठेवलेलं; हे ज्यानं पहिल्यांदा केलं त्याचा मला पत्ता हवा आहे. क्लॅरिटीची पट्टी इतकी सरकवलेली की प्रत्येक सुरकुती खाचेसारखी दिसते. खाली एक-दोन शब्द, त्यातला एक ‘माउली’. रिंगणाला तर आता घोड्याआधी लेन्स धावतात. चालून दमलेल्या बाईला थांबवून ‘माउली, जरा वर बघा, हात जोडा’ म्हणणारे मी पाहिलेत. आणि ती बिचारी जोडते हो. समोरच्यालाही ती माउलीच म्हणत असते.

या फोटोंवर भावना नसल्याचा आरोप करता येत नाही. भावना भरपूर असते, पण ती फोटोवाल्यानं कमावलेली नसते. सातशे वर्षांची शिल्लक आहे, तिच्यातून काढून घेतलेली. तुळस, म्हातारपण, पाऊस, टाळ. यातलं एक दाखवलं तरी मराठी माणसाचा गळा दाटतो. त्यापेक्षा उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’मधली आकाशातून टिपलेली वारी मला अधिक प्रामाणिक वाटते. तिथं एकही सुरकुती दिसत नाही, माणसांचा नुसता प्रवाह, आणि आपण दूर आहोत हे ती लपवत नाही. आणि संदेश भंडारे यांनी आपल्या पुस्तकाला ‘वारी : एक आनंदयात्रा’ हे नाव दिलं, तेवढ्यानंच त्या सगळ्या ओल्या डोळ्यांच्या गर्दीत जरा वारा येतो.

मागं एका स्पर्धेत एक फोटो आला होता. दिंडीचा ट्रक, पहाटेची वेळ. ट्रकच्या फाळक्याला एक लाकडी बोर्ड बांधलेला, त्यावर एकाला एक जोडलेली एक्स्टेंशनं, आणि त्यांना लोंबकळणारे मोबाइल. पुष्कळ मोबाइल, बहुतेक बटणांचे. प्रत्येकावर चिकटपट्टीनं कागदाचा तुकडा डकवलेला आणि त्यावर बॉलपेनानं नाव, काहींवर गावही. चार्जिंगला लावून मंडळी आंघोळीला गेलेली असावीत. माणूस एकच, तोही पाठमोरा, पाण्याच्या टँकरकडे चाललेला. मधल्या एका फोनचा पडदा उजळलेला होता. प्रिंट जवळ धरून पाहिली तर वाचता येत होतं: ‘सूनबाई’. फोन वाजत होता आणि उचलायला कुणी नव्हतं.

माझे सहपरीक्षक अनुभवी गृहस्थ. त्यांनी प्रिंट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “तंत्र बरंय. पण यात वारी कुठंय? भक्ती कुठं दिसते?”

“पंढरपूरला चालत निघालेल्या माणसाला घरून फोन येतो, हे वारीत बसत नाही का?”

“बसतं हो. पण बघणाऱ्याला काही वाटायला नको?”

“तुम्हाला काय वाटलं?”

ते जरा थांबले. “मला वाटलं, घरी काही झालं की काय.”

“हे कुठून वाटलं?”

“त्या नावावरून. आणि पहाटे कोण फोन करतं?”

“मग?”

“मग काय मग? हे कुणाच्या लक्षात यायचं? भिंतीवर लावल्यावर माणसं दहा फुटांवरून बघतात. तिथून हा वायरींचा गुंता आहे.”

त्यांचा हा मुद्दा खोटा नव्हता. प्रदर्शनाची भिंत ही वेगळी वस्तू आहे आणि तिथं दुरून हाक मारणाऱ्या फोटोचं फावतं. आम्ही चहा होईपर्यंत वाद घातला, जेवणानंतर पुन्हा घातला. ते म्हणत राहिले की भावना लगेच पोचली पाहिजे. मी म्हणत राहिलो की लगेच पोचणारी बहुधा आधीच येऊन बसलेली असते. शेवटी गुण मोजले. पहिलं बक्षीस तुळशीवाल्या आजींना गेलं, थेंब खरोखर सुरेख आले होते, मीही त्यांना चांगले गुण दिले होते. मोबाइलच्या फोटोला उत्तेजनार्थ.

बक्षीस समारंभानंतर तो फोटो काढणारा मुलगा मला गाठायला आला. मला वाटलं निकालाबद्दल विचारेल, आणि मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. त्यानं बरोबर आणलेली छोटी प्रिंट काढून माझ्यापुढं धरली.

“सर, हा पडदा थोडा जळलाय ना? हायलाइटमध्ये काहीच डिटेल नाही.”

“जळलाय. पण कमी एक्स्पोज केलं असतं तर बाकीच्या फोनांवरची नावं गेली असती.”

“तेच. मला नावं हवी होती.” तो प्रिंटकडे बघत म्हणाला. “दोन एक्स्पोजर घेऊन जोडता आली असती, पण दुसरं घेईपर्यंत फोन बंद झाला.”

“परत वाजला का?”

“नाही. मी थांबलो होतो. मग एक आजोबा आले, चष्मा लावून प्रत्येक चिठ्ठी वाचत होते. मी त्यांना दाखवला हा फोन, त्यांचा नव्हता. सर, कागद कुठला वापरू पुढच्या वेळी, मॅट की लस्टर? ग्लॉसीवर सभागृहातला दिवा नेमका त्या नावावर येत होता.”

मी लस्टर म्हणालो.